उभ्या मोटारीची थरथर

आबा, डॉक्टरीणबाईंच्या मोटारीबद्दल तुमच्याशी नीट बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात त्याला माझं अर्धं आयुष्य लोटलं. आता माझ्याच केसांत पांढरं दिसायला लागलंय, आणि रस्त्याच्या कडेला एखादी मोटार चालू ठेवून उभी असली की मी अजून थांबते. लोकांना वाटतं, बाईंना दम लागला.

परभणीत जिंतूरच्या रस्त्याला तुमचं पत्र्याचं शेड होतं. जर्मनीच्या लढाईचे दिवस, हैदराबादहून सुटे भाग येणं बंद झालेलं. इंजिनाच्या दोन लोखंडी भागांमध्ये लागणारं पॅकिंग तुम्ही स्वतःच करायचात. जाड पुठ्ठा लोखंडावर ठेवून हातोडीनं कडेकडेनं ठोकत गेलात की नेमका आकार कापून निघायचा. मग तो जवसाच्या तेलात बुडवायचा आणि कातड्यासारखा चिवट होईपर्यंत उन्हात वाळवायचा. ते काम माझं. मी अकरा वर्षांची होते. जनाना दवाखान्याच्या मोटारीचा पुठ्ठा तुम्ही माझ्या हातात दिलात, त्याच दुपारी जवसाची बाटली माझ्याकडून लवंडली. तुमच्या भीतीनं मी आईच्या चुलीजवळचं करडईचं तेल घेतलं आणि पुठ्ठा त्यात बुडवला. तेल ते तेल, असं मला वाटलं; करडईचं तेल जवसासारखं वाळून चिवट होत नाही, हे ठाऊक नव्हतं. तुम्ही घाईत होतात, न बघता बसवलात.

आठ दिवसांत मोटार परत आली. पळताना एकदम ठीक, पण उभी केली की अंगभर थरथरायची आणि बंद पडायची. डॉक्टरीणबाई खाली उतरून म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या पेशंटला हुडहुडी भरलीय. कुनैन देऊ का?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण दुसऱ्या दिवशी त्यांना चारठाण्याहून दिवस भरलेल्या एका बाईला दवाखान्यात आणायचं होतं. वाटेत मोटार बंद पडली तर काय, हे त्यांनी निघताना हळू आवाजात विचारलं.

तुम्ही मडगार्डवर पाण्यानं भरलेली पितळेची वाटी ठेवता आणि मला तिच्यावर नजर ठेवायला सांगता. लाकडी मुठीच्या पेचकसानं एकेका प्लगची वीज तोडता. प्रत्येक वेळी इंजिन अडखळतं, म्हणजे चारही प्लग काम करतायत. कार्बोरेटर उघडून, धुऊन परत बसवता. इंजिनाचा वेग वाढवलात की वाटीतलं पाणी शांत होतं, कमी केलात की पुन्हा त्यावर बारीक सुरकुत्या. आणि मला ऐकू येतंय, आबा. कार्बोरेटरच्या मागे, माझ्या पुठ्ठ्याच्या जागी, बारीक शीं शीं आवाज. फटीतून हवा आत ओढली जातेय. तुम्ही वाकता, तुमचा कान त्या जागेपासून दोन बोटांवर येतो, आणि तुम्ही तसेच पुढे सरकता.

मला एकदम दोन गोष्टी कळल्या. चूक माझी होती, आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मिस्त्रीला ऐकू येत नाही हे गावात पसरलं असतं तर तुमच्या शेडकडे कोण वळलं असतं? तुम्ही डब्यावर बसलात, हात पुसलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कान गेला वाटतंय माझा, माय. आता शेड बंद कराया लागतंय."

मी बादलीतलं फडकं पिळलं आणि त्या जोडावर दाबून धरलं. पाणी स्थिर झालं. काढलं, पाणी थरथरलं. तुम्ही उठलात. मोटार बंद करून ती जागा खोललीत. पुठ्ठा भिजल्या पोळीसारखा मऊ, एक कड आत ओढली गेलेली. तुम्ही तो नाकाशी नेलात.

"ह्याला तर फोडणीचा वास येयलाय."

मी रडायला लागले. तुम्ही रागावलात, पण तेलावरून नाही. म्हणालात, "तेल सांडलं तर दुसरं आणू. मला ऐकू येत न्हाई, आन् तुला ऐकू येऊन बी तू बोलत न्हाईस. मंग मोटारीचं दुखणं सांगायचं कुणी?" नवा पुठ्ठा वाळायला वेळ नव्हता, म्हणून त्याला लाखेचा लेप देऊन बसवलात, आणि मोटार वेळेत चारठाण्याला निघाली. डॉक्टरीणबाईंना चूक तुमच्याच हातची म्हणून सांगितलंत. मी तुमच्या मागेच उभी होते.

त्यानंतर चार वर्षं मी बोलले. आवाज जिथून येई तिथे जाऊन उभी राहायची, तुम्ही तिथेच पाना लावायचात. मिस्त्रीची पोर उगाच मोटारीभोवती घुटमळते, असं लोक म्हणायचे. आई म्हणायची, हिला काळ्या तेलाच्या वासाचा नवरा बघा. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षी मला वालूरला दिलंत, धान्याच्या व्यापाऱ्याकडे. तिथे दारापुढून बैलगाड्याच जायच्या. तुम्हाला आता कोण सांगत असेल, हा विचार मी सासरच्या चुलीपुढे किती दिवस केला, ते तुम्हाला ठाऊक नाही.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून उरलेलंही लिहिते. पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा तुम्ही मला आधी शेडमध्ये नेलंत. एक मोटार सुरू केलीत आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "बंद करून परत लावा, आबा." तुम्ही हँडल फिरवलंत. मी पुन्हा म्हटलं, परत. असं चार वेळा, भर उन्हात, तुमचा सदरा पाठीला चिकटेपर्यंत. आबा, त्या मोटारीत काहीच बिघाड नव्हता. मला ते पहिल्याच वेळी कळलं होतं; पुढच्या चारही वेळा मला नुसतं ऐकायचं होतं.