देवीचा उजवा हात

बेळगाव,
१९ जानेवारी १९३८

प्रिय शरद,

तुझे काका निपाणीहून येऊन आप्पांकडे आपल्या लग्नाची गोष्ट काढून गेले, त्याला महिना होत आला. उत्तर येत नाही म्हणून तू तिकडे शाळेतल्या पोरांवर राग काढत असशील. उत्तर आलंय रे, पण ते होय आहे की नाही, हे आमच्या घरात कुणालाच कळलेलं नाही. माझं डोकं तर पार भंजाळून गेलंय. आमच्या पडवीतल्या खोलीत राहून शिकत होतास तेव्हा तुला 'अहो' म्हणतानासुद्धा जीभ जड व्हायची, आणि आज सरळ 'तू' लिहिते आहे. यावरूनच काय ते ओळख.

झालं असं, की आपल्या पत्रिका जुळत नाहीत. आईने ते जोशीबुवांकडून दोनदा वदवून घेतलं. आप्पा पडले सुधारक वकील, त्यांचा पत्रिकेवर विश्वास नाही. पण स्वतःच्या तोंडाने होय म्हणून आईशी वैर घ्यायचीही तयारी नाही. शेवटी दोघांची तडजोड झाली, की गोव्यात जाऊन कुलदेवीला कौल लावायचा. आईच्या लेखी देवी जोशीबुवांपेक्षा मोठी, आणि आप्पांच्या लेखी निकाल दुसऱ्या कुणीतरी दिलेला बरा. पण गावात त्यांनी सांगितलं काय, तर मुलीला परदेश दाखवायला नेतो! बोटीवाचून, शंभर मैलांवर फिरंग्याचं राज्य! ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनीच सवय. शेजारच्या यशोदाबाईंनी तर मी विलायतेलाच निघाले असं समजून डब्यात लाडू भरून दिले.

छावणीतला एक गोरा कप्तान मायदेशी निघाला होता, त्याची जुनी मोटार आप्पांनी घेतली आहे. ड्रायव्हर ठेवायचा नाही, स्वतः चालवायची, असा हट्ट. व्हॅक्सिन डेपोच्या माळावर शिकताना किती म्हशी बिथरल्या ते विचारू नकोस. आईने पुढे बसायला साफ नकार दिला, म्हणून आप्पांच्या शेजारी मी आणि मागे आई, पेट्रोलचे डबे, लोणच्याची बरणी. शिनोळीजवळ मोटार बंद पडली आणि ती सुरू करायला हँडल मारून मारून आप्पा घामाघूम झाले, तर एक म्हातारबा काठी टेकून जवळ आला आणि म्हणाला, "आण्णा, मालक कुठं गेल्यात? तुला एकट्यालाच सोडून गेल्यात व्हय?" सुटाबुटातला वकील, पण हँडल हातात म्हणजे ड्रायव्हर! पुढे सगळीकडे हेच झालं.

आंबोलीचा घाट मात्र काय सांगू शरद! सकाळी दरी धुक्याने काठोकाठ भरली होती, आणि आप्पा एकेका वळणावर मोटार थांबवून, बघ गं सरू, बघ गं, म्हणत होते. कोर्टातून आल्यावर ज्यांचं तोंड उघडत नाही, ते आप्पा घाटात गाणं गुणगुणत होते. मला वाटलं, कौल वगैरे राहू दे, असंच जात राहावं. सावंतवाडी, बांदा, आणि मग फिरंग्यांचं नाकं. तिथल्या शिपायाने तंबाखू लपवली असेल म्हणून लोणच्याच्या बरणीत सळई घालून पाहिली. आईने बरणी तिथेच त्याला देऊन टाकली, वर मोठ्याने म्हणाली की नरकात खाशील. त्याला काही कळलं नाही, त्याने हसून सलाम ठोकला. नद्यांना पूल नाहीत, दोन होड्यांवर फळ्या टाकून मोटार पलीकडे न्यायची. लाल माती, पांढरी देवळं, झग्यातल्या बायका. परदेशच तो, पण माडाखाली भांडणाऱ्या बायकांचं बोलणं अर्धंअधिक कळत होतं. परका मुलूख म्हणावा की आपला, तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

देवळात पोचलो तेव्हा गर्दी होती. पुजाऱ्याने आप्पांच्या हातातला मोटार पुसायचा फडका पाहिला आणि त्यांना सांगितलं, ड्रायव्हर लोकांनी बाहेर बसावं, तिकडे त्यांची पानं मांडली आहेत. मला वाटलं आप्पा आता कलमं सांगणार. पण ते निमूटपणे जाऊन बसले! मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटतं, त्यांना आत यायचंच नव्हतं.

तेव्हा कौल लावला तो आईने. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आई डोळे मिटून पुटपुटत होती, मी पाकळ्यांकडे बघत होते, आणि एक पडली. पुजारीबुवांनी देवी बोलली म्हणून हातावर प्रसाद ठेवला आणि ते पुढच्या मंडळींकडे वळले. आई आनंदाने बाहेर आली आणि उजवा हात उंचावून म्हणाली, "उजवी पडली हो, उजवी!" आप्पा पानावरून उठले आणि त्यांनी विचारलं, "कुणाची उजवी? तुझी की देवीची?"

शरद, आईचा हात तसाच वर राहिला. पाकळी आमच्या उजव्या हाताला पडली होती, म्हणजे आमच्याकडे तोंड करून बसलेल्या देवीच्या डाव्या. आईचं म्हणणं, विचारणारी मी, तेव्हा उजवी माझीच. आप्पांचं म्हणणं, उत्तर देणारी देवी, तेव्हा उजवी तिची. पुजाऱ्याला विचारावं तर देऊळ नैवेद्याला बंद झालेलं, आणि एकाच गोष्टीसाठी दोनदा कौल लावायचा नसतो म्हणतात. परतीच्या वाटेवर हाच वाद. पत्रिका नको म्हणणारे आप्पा देवीच्या डाव्या-उजव्यावर कोर्टातल्यासारखे भांडत होते, आणि पत्रिकेसाठी अडून बसलेली आई आता हे लग्न देवीनेच ठरवलं म्हणत होती! कोण कुणाच्या बाजूने, मला काही कळेना. मागून आई विचारते, मोटारीची उजवी बाजू कुठली, बसणाऱ्याची की समोरून येणाऱ्याची? आप्पा म्हणतात, समोरून येणारा मरायला येईना का. मी दोघांच्या मधे रडावं की हसावं अशी.

सावंतवाडीला रस्ते फुटतात. उजवीकडे आंबोली आणि आपलं बेळगाव, डावीकडे वेंगुर्ला. आप्पांनी तिथे मोटार थांबवली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "सरू, कुठं जाऊ या?" मी नकळत म्हणून गेले, डावीकडे, समुद्र बघू या. एवढे वादपटू आप्पा, पण त्यांनी लगेच चाक फिरवलं. मोटार डावीकडे वळली. वेंगुर्ल्याच्या वाळूत पाय बुडवून उभी राहिले आणि मला एकाएकी रडू फुटलं, आणि का ते कळेना. आईला वाटलं मोटार लागली.

रडू का आलं ते आज कळलं, म्हणून हे पत्र. तू काकांना सांगितलंस, काकांनी आप्पांना विचारलं, आप्पांनी आईला पुढे केलं, आईने देवीला विचारलं. या सगळ्या परदेशवारीत मला फक्त एकदा विचारलं गेलं, ते सावंतवाडीच्या फाट्यावर, आणि तेही रस्त्यासाठी. तू तर आमच्या पडवीत तीन वर्षं राहिलास. माझ्या हातचा चहा प्यालास. तुलासुद्धा मला विचारावंसं वाटलं नाही? मी रागावले आहे की नुसती दुखावले आहे, तेही मला नीट सांगता येणार नाही. पण एवढं खरं, की पाकळी पडली तेव्हा मी कुठलीही बाजू मोजली नव्हती, आणि माझं उत्तर देवीपाशी नव्हतंच कधी. रविवारी सर्व्हिस मोटारीने ये. काकांना आणू नकोस. आई-आप्पा ओसरीवर डावं-उजवं करत बसलेले असतील, त्यांना नमस्कार कर, सरळ आत ये आणि मला विचार.

तू विचारीपर्यंत नुसतीच,
सरोजिनी