जिन्याखाली पाणी आलं!

ओल्डहॅम, शुक्रवार

प्रिय नॉरिस,

पहिला नमस्कार तुझ्या दोन गुडघ्यांना, उरलेला तुला. चाळीस वर्षं लोकांच्या सिंकखाली रांगून झिजलेले ते गुडघे मोरकॅमच्या समुद्रवाऱ्याने जरा सुधारले असतील अशी आशा आहे. ग्लेनिस ठणठणीत आहे (तुझ्या बहिणीला काय धाड भरलीय!). फोन न करता पत्र लिहितोय, कारण प्लॅस्टिक हा शब्द कानावर पडला की तू फोन आपटतोस. पत्र आपटलंस तरी ते निदान परत उचलता येतं.

नॉरिस, पाणी आलं! जिन्याखालच्या संडासात आता बेसिन आहे, बेसिनला दोन नळ आहेत आणि दोन्ही नळांना पाणी आहे! सकाळपासून मी अकरा वेळा सोडून पाहिलं. (गरमच्या नळाला अजून गारच येतंय, पण नळी लांबची आहे, वेळ लागणारच. गारच्या नळाला जरा कोमट येतंय, ते आज ऊन पडलंय म्हणून.) तांब्याच्या नळीला डाख दिल्याशिवाय घरात पाणी खेळत नाही, असं तू गेल्या नाताळात सगळ्यांसमोर म्हणाला होतास. आणि त्याच जिन्याखाली डाख देताना आमच्या व्हॅक्यूम क्लीनरची शेपटी कोणी जाळली, तेही सगळ्यांसमोरच घडलं होतं. तेव्हापासून ग्लेनिसने घरात ज्योत बंद केलीय. म्हणून मी प्लॅस्टिकची नळी आणि ते दाबून बसवायचे जोड आणले. ना आग, ना पाना. नळी सरळ कापायची, टोकात ती छोटी बांगडी घालायची आणि जोडात खुपसायची, झालं! पहिला जोड बसला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो, खरंच सांगतो.

हे सगळं कशासाठी, ते तुला ठाऊक आहेच. सासूबाईंना येऊन तीन आठवडे झाले, पण त्यांची बॅग अजून पट्टा आवळून दारापाशीच उभी आहे. बाथरूम वरच्या मजल्यावर आणि त्यांना जिना चढवत नाही, म्हणून बिचाऱ्या सिंकपाशी बटाट्यांच्या शेजारी तोंड धुतात आणि रोज माफी मागतात. मला ते बघवत नाही. तुमच्यावर ओझं नको, सोमवारी वृद्धाश्रमात खोली मिळतेय, तिथे जाते, एवढंच त्यांचं पालुपद. म्हणजे माझ्या हातात फक्त रविवारपर्यंतचा वेळ होता.

आणि नेमका शेवटचा जोड सगळ्यात खालच्या पायरीच्या मागे! फट म्हणशील तर टपालपेटीच्या तोंडाएवढी. हात कोपरापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. ग्लेनिसने भांडी घासायचा साबण आणायला जाते म्हटलं आणि आधी चहा ठेवला. वीस मिनिटं मी जमिनीवर उताणा, डाव्या हाताने चहा पितोय. हात सुटल्यावर पुन्हा घातला, चाचपडत नळी दाबली, ती कुठेतरी घट्ट लागली, मी विजयाची आरोळी ठोकली आणि ग्लेनिसने मुख्य कॉक उघडला. नॉरिस, माझ्या सपाता तरंगल्या! पण हार मानली नाही. परत कॉक बंद, परत आडवा. शेवटी फटीत हात गेला, जोड बसला आणि तासभर खाली पसरलेला कोरडा कागद कोरडाच राहिला. प्लॅस्टिक जिंकलं, एवढं तू मान्य करशीलच.

तुझा मेहुणा,
डेरिक

ता. क. फटीत हात गेला असं वर लिहिलंय. तो माझा होता असं लिहिलेलं नाही, कृपया पुन्हा वाचून पाहा. सासूबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "सरक तिकडे, पिंपासारखा आडवा पडलायस नुसता. गिरणीत चालत्या यंत्राच्या मागे हात घालून, न बघता तुटलेले धागे जोडलेत मी. तुझी नळी कोण लागून गेली?" मग स्टुलावर बसून त्यांनी तो चिमणीएवढा हात आत घातला. "अरे, अर्धाच गेलाय हा! पहिल्या अडथळ्याला थांबलास तू. जागा अजून पुढे आहे." आणि एकदाच दाबलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने!

ता. क. २. खरं काम हे, की वृद्धाश्रमाच्या अर्जावर तुझी सही आहे. तेव्हा सोमवारी सकाळी फोन करून ती खोली सोड. काल सासूबाईंनी हात पुसले आणि कोणाला काही न सांगता बॅग उघडली. कपडे आता कपाटात आहेत. मी बेसिनपाशी जाऊन थोडा रडलो, नळ सोडून, ऐकू जाऊ नये म्हणून. पत्र टाकायला त्या स्वतःच कोपऱ्यावर निघाल्यात.

ता. क. ३. नॉरिस, मी आई. पाकीट मी उघडलंय. गरम आणि गार उलटे जोडलेत त्याने. इतक्यात सांगू नकोस, फार खूश आहे तो. गरम पाण्याला मी गुपचूप गारचा नळ वापरते.