बंद डोळ्यांचा ठराव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा फरशी बसवण्याचा आणि नंतर आमच्या ख्रिस्ती मंडळीचा संस्थापक व पाळक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डावा कान गेला. डोके जागेवर आहे, आणि तसा दाखला डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर दिला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. घाई मात्र आहे. शाळेच्या खटल्यात येत्या मंगळवारी माझी उलटतपासणी आहे. माझे आधीचे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. ते फार गुळगुळीत होते.

१. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागचे न्हाणीघर, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. न्हाणीघराचा उतार चुकलेला आहे. गावभर फरश्या बसवल्या, कोणाकडे पाणी साचले नाही. साचते ते माझ्याच घरी. तिची आई जाईपर्यंत हे ऐकवत होती. मुलीने ती फरशी उखडून नवी बसवून घ्यावी आणि जुनी कोणी बसवली होती ते कारागिराला सांगू नये.

२. बँकेत असेल ते मुलीचे. फार नसल्याने वादाला जागा नाही.

३. माझी फरशीकामाची हत्यारे, म्हणजे पाणसळ, ओळंबा, तीन करण्या आणि फरशी कापायचे यंत्र, सध्याच्या तरुण पाळकांना द्यावे. त्यांना याचा उपयोग काय, असे ते विचारतील. उपदेश करणाऱ्या माणसाने आठवड्यातून एकदा तरी असे काम करावे, ज्यातली चूक दुसऱ्याला लगेच दिसते. एवढाच उपयोग.

४. उपासनागृह व त्याखालची जागा. ही जागा माझ्या नावावर आहे, कारण विकत घेतली तेव्हा मंडळी म्हणजे नऊ माणसे आणि मागून आणलेल्या बारा खुर्च्या, एवढेच होते. भिंती सर्वांनी मिळून उभ्या केल्या, फरशी मी एकट्याने बसवली. ही जागा मी मंडळीला देत आहे. पण ती मोकळी देता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी, मंडळीच्या ठरावाच्या आधारे, आम्ही ही जागा वापरायला देण्याचा तीस वर्षांचा करार शाळेशी केला. त्यातली एकोणीस अजून बाकी आहेत.

५. शाळेचे संचालक व त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, यांना मी काही ठेवत नाही. बोलणी झाली तेव्हा त्यांना सोमवार ते शुक्रवार एक सभागृह हवे होते. करारात शब्द पडले ‘संपूर्ण वापर’. पहिल्या वर्षी दारावर त्यांची पाटी आली. तिसऱ्या वर्षी आमचे व्यासपीठ जिन्याखाली गेले, त्यावर खेळाचे चेंडू ठेवू लागले. मग रविवारचे जादा वर्ग. गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही आलो तर दाराला कुलूप. पन्नास माणसे रस्त्यावर उभी, दोन म्हाताऱ्या समोरच्या दुकानाच्या पायरीवर. मी फोन केला. संचालक म्हणाले, “पाळकसाहेब, ठराव तुमच्या मंडळीचा, सही तुमची. आम्ही काय तुमच्या डोक्याला बंदूक लावली होती?”

त्याच आठवड्यात आम्ही दावा लावला. त्यानंतर मी उपासनेत उभा राहून त्यांना तीनदा चोर म्हटले. चोर हा शब्द मी मागे घेतो. लबाड हा ठेवतो. बंदूक लावली नव्हती, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि पुढचे कलम त्याबद्दलच आहे.

६. आमच्या मंडळीत मतदान माना खाली घालून, डोळे मिटून होते. हा नियम मीच घातला. सुरुवातीच्या दिवसांत एक बेकरीवाले मंडळीत होते आणि त्यांचे चार कामगारही. मालकाचा हात वर गेला की चौघांचे जात. म्हणून ठरले की कोणी कोणाचा हात पाहायचा नाही. फक्त पाळक डोळे उघडे ठेवील आणि मोजील. माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला कोणालाच वावगा वाटला नाही. मलाही नाही.

शाळेचा प्रस्ताव आला त्या रविवारी एकसष्ट माणसे हजर होती. “तीस वर्षांच्या कराराला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावा,” असे मी म्हणालो. तेवीस हात वर झाले. मी दोनदा मोजले. मग मी म्हणालो, “हात खाली घ्या. डोळे उघडा. ठराव बहुमताने मंजूर.”

त्याआधी तीन आठवडे माझी मुलगी संसार मोडून दोन बॅगा घेऊन घरी परत आली होती. दिवसदिवस ती मागच्या खोलीतून बाहेर येत नसे. मॅडम मला म्हणाल्या होत्या, “करार झाला तर आम्हाला मुख्याध्यापिका लागेल. तुमची मुलगी शिकलेली आहे ना?” यात धमकी नव्हती, अटही नव्हती. तेवीस हात दिसले तेव्हा मला फक्त त्या खोलीचे बंद दार आठवले. हे कारण आहे. सबब म्हणून लिहिलेले नाही.

मुलगी आजही तिथे मुख्याध्यापिका आहे. काम उत्तम करते. ती जागा तिला कशी मिळाली हे तिला कधीच माहीत नव्हते.

७. मंडळीचे तेव्हाचे चिटणीस, धंद्याने शिंपी, इतिवृत्त लिहिता लिहिता थांबले आणि हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, हात कमी होते.”

मी विचारले, “तुम्ही डोळे उघडले होते?”

“नाही. कपड्यांचा आवाज येतो ना. एवढी माणसं हात वर करतात तेव्हा बाह्या सळसळतात. आज निम्म्यासुद्धा सळसळल्या नाहीत.”

त्यांचे आयुष्य कापडात गेलेले. ते बरोबर होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो की यांनी मतदानात डोळे उघडले, आता यांच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. त्यांचे चिटणीसपद काढून घेतले. लोक हसले. त्यांच्या पत्नी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्यानंतर ते दोघे कधी आले नाहीत.

गुरुवारी मी त्यांच्या दुकानात गेलो. त्यांना या मृत्युपत्रात काही द्यावे अशी माझी इच्छा होती. त्यांनी शिवणयंत्र थांबवले नाही. म्हणाले, “मला वस्तू देऊन मोकळं व्हायचंय होय तुम्हाला?” मी म्हणालो, तसे असेल तर साक्षीदार म्हणून सही करा; साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदाच आहे. त्यांनी टीप पुरी केली, दोरा तोडला आणि विचारले, “कधी येऊ?” म्हणून त्यांना मी काहीही ठेवत नाही.

८. कलम सहा व सात पाकिटात बंद करावे आणि माझ्या मृत्यूनंतरच उघडावे, असे मी आधी लिहिले होते. मंडळीचा दावा चालवणाऱ्या वकीलबाईंचा सल्लाही तोच होता. त्यांनी स्पष्ट सांगितले, “हे कोर्टात बोललात तर ठराव पडेल, करारही बहुधा पडेल. पण शाळावाले तुमच्यावर फसवणुकीची तक्रार करतील. या वयात झेपणार आहे का?” मंगळवारी गप्प राहिलो तर मी सुटतो आणि मंडळी एकोणीस वर्षे रस्त्यावर राहते.

आज सकाळी मुलीने हे कागद टेबलावर पाहिले आणि उभ्याने वाचले. मी चहा गाळत होतो. तिने शेवटचे पान खाली ठेवले.

“बाबा, हे तुम्ही मेल्यावर मला वाचायला देणार होतात?”

“हो.”

“म्हणजे मी भांडायचं कोणाशी? फोटोशी?”

मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

“अकरा वर्षं मी त्या खुर्चीत बसून तुमच्या लोकांचे टोमणे ऐकले. बापाविरुद्ध शाळेची बाजू घेते म्हणून. आणि तुम्ही पाकीट करून ठेवताय!”

“तुझी नोकरी जाईल.”

“ती माझी मी बघेन. तुम्ही मंगळवारी बोला. मी हजर असेन, पण तुमच्या बाजूला बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.”

चहा तिने घेतला नाही. पाकिटाची सूचना मी खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

९. मंडळीला विनंती, आज्ञा नव्हे. निकाल आपल्या बाजूने लागला तरी वर्ष संपेपर्यंत शाळेला हलवू नये. त्या एकशे चाळीस मुलांनी कुठल्याच ठरावाला हात वर केलेला नाही. पुढे काय करायचे ते पुन्हा मत घेऊन ठरवावे, आणि ते मोजण्याचे काम एकाच माणसावर सोपवू नये.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मी आज त्यांचा सल्ला मोडत आहे. त्या ओरडतील. ओरडून झाल्यावर काम चोख करतील याची मला खात्री आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे आणि तो माझा आहे.

सही: मृत्युपत्र करणार
साक्षीदार पहिले: डॉक्टर, सही
साक्षीदार दुसरे: शिंपी, सही

ठिकाण: माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख नऊ, शनिवार, दुपारी बारा

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: मी स्वतःला ओळखतो. सोमवारपर्यंत मला हे फाडावेसे वाटेल. म्हणून चार प्रती केल्या. एक वकीलबाईंकडे, एक शिंप्यांकडे, एक मुलीकडे. चौथी संचालकांच्या वकिलांसाठी होती. ती टपालाने पाठवणार होतो. मुलीने ती माझ्या हातातून घेतली, चपला घातल्या आणि स्वतः नेऊन दिली. पोच सोबत जोडली आहे: दुपारी तीन वाजून दहा मिनिटे, शिक्का, आणि ‘देणाऱ्याचे नाते’ या रकान्यात तिच्या अक्षरात, मुलगी.