अप्पा, त्या बरणीतलं पीठ डोशाचं नाही

अप्पा,

‘माझ्या बरणीला हात लावू नका’ असं लिहायला बसले होते. आता तीच बरणी तुमच्यावर सोपवून चाललेय.

काल मी फार ओरडले. आंबूस वासाचं, बुडबुडे आलेलं पीठ दिसल्यावर शिवमोग्याचा माणूस त्याचे डोसे नाही घालणार तर काय करणार? पण ते माझ्या पावाचं आंबवण होतं हो. ऑफिसातून थकून आले तरी त्याला ताजं पीठ-पाणी खाऊ घातल्याशिवाय झोपायचे नाही मी. तुम्ही आल्यापासून माझ्याशी धड बोलला नव्हतात. बोललात ते हे, ‘‘पिठासाठी कुणी रडतं का, सिंचना?’’ रडतं, अप्पा. नोकरी सोडताना डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

बरणीच्या कडेला थोडं चिकटलेलं होतं. त्यात कणीक आणि पाणी कालवून बरणी ओट्यावर ठेवलीय. पीठ आत्ता जिथवर आहे तिथे बाहेरून रबर लावलंय. पीठ त्याच्या वर चढलं, तर आंबवण वाचलं. ओट्यावर ऊन आलं की बरणी सावलीत सरकवा.

मी जयनगरच्या बाजारात पाव विकायला गेलेय. अम्माचा फोन आला तर ‘कामावर गेलीय’ म्हणा. खोटं नाही ते.

डब्यातला उरलेला डोसा मी उभ्याउभ्याच खाल्ला. चांगला झाला होता, मेला.

पीठ वर आलं की फोटो पाठवा. बोलायचं नसेल तर नुसता फोटो. जगलं, तर यापुढे थोडं तुमच्या डोशांसाठी वेगळं काढत जाईन.

सिंचना