लागतं का?

४ नोव्हेंबर २०२४, साक्री
जळगावचं बिऱ्हाड आवरून काल इथे आले. ट्रस्टच्या या दवाखान्यात त्वचारोगाचा डॉक्टर पहिल्यांदाच येतोय. खोलीला उत्तरेचा मोठा उजेड आहे, कातडी बघायला असाच हवा. परिचारिका हेमलता म्हणाली, मॅडम, इथल्या बायकांचे दोन जुने आजार, नायटा आणि नवरा. मलमाने दोन्ही जात नाहीत. खूप हसले. सेहेचाळिसाव्या वर्षी इतका आनंद व्हावा याची थोडी लाजही वाटली.

१२ नोव्हेंबर
बाजाराला आलेली गुंताबाई दवाखान्यात आली, सोबत दीर झुलाल. मनगटावर तांबूस कडं, काठ उचललेला, मधली कातडी साधी. खाज नाही. डोळे मिटायला लावून कापसाचा तंतू फिरवला, लागतं का विचारलं. नही लागत, म्हणाली. टाचणी हलकेच टेकवली. तेच उत्तर. कागदावर लिहिलं : संवेदना नाही, कुष्ठरोग. गोळ्या दिल्या. खात्रीसाठी कातडीचा तुकडा धुळ्याला पाठवला. गोळ्यांनी बरा होतो, हे झुलालला दोनदा सांगितलं. तो कागदाकडेच बघत होता.

२५ नोव्हेंबर
धुळ्याचा अहवाल आला. कुष्ठरोग नाही. ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेअर : क्वचित दिसणारा दाह, लागण होत नाही, बहुधा आपोआप जातो. पण यात संवेदना जात नाही. मग ती नाही का म्हणाली? हेमलता म्हणाली, मॅडम, लागणं म्हणजे दुखणं. कापसाने कोणाला लागतं? कळतं का, असं विचारायचं.
वीस वर्षं मी हाच प्रश्न विचारत आले आहे.
गुंताबाईला निरोप धाडला.

२६ नोव्हेंबर
झुलाल एकटा आला. कागद वाचून घरच्यांनी तिला शेतातल्या खोपटात ठेवलं. हाताला खरंच कळत नाही ना, हे बघायला त्याने मनगटावर निखारा ठेवला. ती ओरडली. डॉक्टर बाईनी लिखेल शे, सोंग करस ती, असं माझा कागद दाखवत सगळे म्हणाले. परवा विहिरीत सापडली. मी अहवाल त्याच्यापुढे ठेवला. तो वाचत बसला. मला रडू आलं नाही. का आलं नाही, ते तपासायला हवं.

३० नोव्हेंबर
दुपारी तीन. शेवटचा रुग्ण गेल्यावर माझ्या डाव्या मनगटावरून कापूस फिरला. खोलीत कोणी नव्हतं.

३ डिसेंबर
मनगटावर तांबूस कडं. डोळे मिटून टाचणी टोचली. काही नाही. उघडून पाहिलं तर टाचणी टोपीपर्यंत आत — हेमलता म्हणते, कडं कुठाय मॅडम, कातडी कोरी आहे. कोणाचं खरं धरायचं?

६ डिसेंबर
कडं कोपरापर्यंत. कापूस रोज तीनला. गुंताबाई विचारते, बाई, लागस का. मी बोलत नाही. बोलले तर ती लिहून ठेवील —

७ डिसेंबर
तीन. टेबलावर निखारा. कोणी आणला — डावा हात त्यावर आहे. उजव्याने लिहिते. वास येतोय.
डोळे मिटा, म्हणते. मिटले.
लागस का, बाई —
खरं सांगते. नही लाग