बाबल्या, त्या दुखण्याला नाव आहे

प्रिय बाबल्या,

दर वर्षी तुझ्या तिथीला मी सावर्ड्याहून माहेरी येते आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जाते. यंदा राहिले आहे. तू कशानं गेलास ते आता कळलंय रे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय माझा पाय इथून निघत नाही.

झालं असं, की आपल्या धाकट्या बहिणीचे, शोभाचे डोळे बिघडत चालले. जाड भिंगाचा चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसेना. अंगानं उंच, सडसडीत, बोटं ही एवढी लांब, थेट तुझ्यासारखी. आपल्या मिरकरवाड्यातल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "अगदी भावावर गेल्ये गो." ते ऐकलं की मी विषय बदलायचे. डॉक्टरांनी तपासलं, तर डोळ्यातलं भिंगच जागचं सरकलेलं. तुझंही सरकलं होतं, आठवतं? तेव्हा म्हणाले होते, लहानपणी मार लागला असेल. या डॉक्टरांनी मात्र विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? मी तुझं सगळं सांगितलं. त्यांनी आम्हाला तडक मुंबईला धाडलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "आईवडील नात्यातले का?" म्हटलं, हो, आईनं आतेभावाशीच लग्न केलंय. मग शोभाची लघवी तपासली, रक्त तपासलं, आणि मला समोर बसवून समजावलं. आपण मासे, अंडी, मटण खातो, त्यातून शरीरात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ होतो. तो माझ्या अंगात आपोआप मोडतो, शोभाच्या अंगात मोडत नाही. जन्मापासूनच. मग तो रक्तात साठतो, रक्तवाहिन्या आतून खराब करतो, रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यातली एखादी मेंदूत जाऊन अडकते. "तुमच्या भावाचं बहुतेक हेच झालं," त्या म्हणाल्या.

मला ती सकाळ दिसली. तुझ्या हातातून तांब्या पडला, तोंड वाकडं झालं आणि तुला साधं "ताई" म्हणता येईना. कॉलेजात जाणाऱ्या पोराला कुठे पक्षाघात होतो का, म्हणून काकांनी बाहेरचं ठरवलं. तिन्हीसांजेला जेटीवर गेला होता म्हणे! देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. बाहेरचं काही नव्हतं रे. जे होतं ते तुझ्याच रक्तात होतं.

शोभाला आता बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत. सगळ्यांना लागू पडतात असं नाही, पण हिला पडल्या. तुलाही पडल्या असत्या का? हा प्रश्न विचारायचा नाही असं मी रोज ठरवते आणि रोज विचारते.

गोळ्यांबरोबर पथ्य आलं. मासे जवळजवळ बंद. मिरकरवाड्यातल्या घरात, जिथे आईनं मासे विकून आपल्याला वाढवलं! पण मला खरी भीती होती ती वेगळीच.

तुझे डोळे अधू, म्हणून आईनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? माशाचं डोकं खाल्लं की नजर सुधारते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मासळीच्या लिलावातून येताना ती घोळ माशाचं डोकं तुझ्यासाठी राखून आणायची. बाबांना शेपटीकडचा तुकडा आणि आम्हाला नुसतं कालवण. तुला मळमळायचं. मला तसं म्हणायचास, पण आई समोर बसली की मुकाट खायचास. का रे? एकदा तरी नको म्हणायचंस! माझ्याशी भांडताना तर तुझी जीभ कातरीसारखी चालायची.

मुंबईहून येताना वाटभर मी ठरवत होते, की फक्त शोभाचं सांगायचं. घरी आले, आई विळीवर मासे कापत बसली होती. तिला म्हटलं, शोभाला मासे सोसत नाहीत, आता देऊ नकोस. तुझं नावसुद्धा काढलं नाही. तिचा हात थांबला.

"बाबल्याला पन ह्याच होता?"

आईशी खोटं बोलायला मी कधी शिकलेच नाही. "होय," म्हटलं, "पण ते जन्माचंच होतं, आई. इथे कुणाला ठाऊक होतं?"

"आनी मी त्येला बसून डोकी भरवत होते."

मग तिनं राहिलेले मासे कापले, धुतले, मीठ लावून ठेवले. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून ती मासे विकते, आम्हा बाकीच्यांना रांधून वाढते, स्वतः मात्र तोंडाला लावत नाही. विचारलं तर "चव नाय" म्हणते.

आज दुपारी तुझं पान वाढलं. दर वर्षी आई त्यावर माशाचा तुकडा ठेवतेच. पितरांच्या पानावर मासा कसला, म्हणून काकू नाक मुरडतात, पण आई कुणाचं ऐकतेय? आज पानावर भात होता, भाजी होती, खीर होती. मला वाटलं विसरली. म्हटलं, "मासा राहिला गं."

पदराला हात पुसत ती म्हणाली, "नको. त्येला बाधता."

बाबल्या, मी परसात जाऊन रडून घेतलं.

आता ऐक. शोभाची गोळी मी चुकू देणार नाही. सावर्ड्याहून दर पंधरवड्याला येऊन तिचा कान धरीन, पण तिला म्हातारी झालेली बघीन. आणि आईला मी असं राहू देणार नाही. तुला आता काही बाधत नाही, हे तिला पटवायचं काम माझं. पुढच्या तिथीला तुझ्या पानावर मासा असेल, आणि तिच्याही ताटात.

तुझी,
ताई