भरताच्या मिरचीचा खुलासा

मु. पो. पारोळ्याजवळ,
चैत्र, १९८९

सोनगीरचे आमचे सन्माननीय व्याही गिरधर आबा यांना मोतीलालचा वाकून रामराम. इकडे आम्ही खुशाल आहोत. तिकडे आपली जीभ आणि पोट पूर्ववत झालं असेलच (नसेल तर ताक चालू ठेवावं). विहीणबाईंना नमस्कार, आमच्या लताला आशीर्वाद.

हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत खाऊन आपण जे उठलात ते थेट एस.टी.त बसलात, आणि तेव्हापासून आपलं पत्र नाही. म्हणून हा खुलासा. आबा, आपल्याला तिखट सोसत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून तर खास आपल्यासाठी पोपटी, बिनतिखट मिरची लावायचं ठरवलं. बी घ्यायला अमळनेरला गेलो. सीलबंद पुडी मागितली, तर दुकानदारानं पोत्यातलं सुटं बी कागदात बांधलं आणि पावतीऐवजी स्वतःच्या आईची शपथ दिली. (शपथेवर लॉट नंबर नसतो, हे नंतर कळलं.) मिरच्या लागल्या. एक दिवस भाजी गोडमिट्ट, दुसऱ्या दिवशी सगळं घर ठसकतंय! एकाच वाफ्यात दोन जाती, लांबी तीच, रंगही तोच. दुकानदाराला जाब विचारला, तर म्हणाला, मिरचीचं बी दिलं, मिरची आली, तुम्हाला काय भेंडी हवी होती?

मग मी स्वतः झाडन्‌झाड चाखायला घेतलं. गरीब, म्हणजे बिनतिखट, निघालेल्या झाडाला लाल चिंधी बांधायची, असा हिशेब. बांधता बांधता सगळ्या वाफ्याला चिंध्या लागल्या. मला वाटलं, माझ्या पायगुणानं मिरच्या सुधारल्या. त्याच मिरच्या भाजून भरतात कुटल्या, आणि लहान लेकरानंही खावं असं भरीत आहे म्हणत दुसऱ्यांदा मीच आपल्या ताटात वाढलं. पुढचं आपण जाणताच.

दुसऱ्या दिवशी माझी तपासणी पाहून लताच्या आईनं कपाळावर हात मारला. "शेंडा काय चाखतस! तिखट बठ्ठं देठजोडे शे!" खरंच हो आबा, मी नुसती टोकं कुरतडत होतो. मग ती देठाकडून चावत गेली, दिवसभर. (त्या दिवशी माझ्याशी ती फार बोलली नाही, हाही मिरचीचा एक फायदा.) खरी गरीब झाडं तीनच निघाली. मधमाश्यांनी पुन्हा घोटाळा करू नये म्हणून त्यांच्या कळ्यांना तिनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या बांधल्या. त्यातल्या फळांचं बी वाळवून सोबत पाठवलंय. यंदा आपल्याच वावरात लावा, आपल्याच हातानं तोडा, मग तरी विश्वास बसेल.

आपला नम्र,
मोतीलाल

ता. क. बी राखेत ठेवावं, कीड लागत नाही.

दुसरा ता. क. आखाजीचा सण, अक्षय्य तृतीया, जवळ आला. गावातल्या बठ्ठ्या लेकी माहेरी येतील. लताचं कार्ड आलं, की मामंजी अजून जा म्हणत नाहीत. मिरचीचा राग मिरचीवर काढावा, एवढीच विनंती.

तिसरा ता. क. पत्र लताच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढं पुराण कोणाला हवं होतं? निंबाला झोका बांधून ती कालपासून रिकाम्या फळीकडे बघत बसलीय. तिला एकच ओळ लिहायची आहे, ती तिच्याच शब्दांत लिहितो: "आबा, मनी पोरले धाडा."